दाजी, मीटर अठरा दाखवत होता

दाजी, तुम्हाला शेवटी भुशाच्या पेटीत ठेवलं.

इथे कॅनडात माणसाला नुसतं दाहिनीत नेत नाहीत, पेटी लागते. फ्युनरल होमच्या माणसाने तीन-चार प्रकार दाखवले, अक्काने त्यातली सगळ्यांत साधी निवडली. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्या, वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. तुम्ही असतात तर नखाने त्याचा कोपरा उचकटला असता आणि म्हणाला असतात, "ह्याला लाकूड म्हणायचं, मग आपल्याला सुतार कशापायी म्हणायचं?"

मिल्टनच्या माझ्या शेडमध्ये तुम्ही रंधा मारून ठेवलेल्या सीडरच्या फळ्या अजून भिंतीला लावून उभ्या आहेत. मी अक्काला विचारलं, "दोन दिवस हातात आहेत. पेटी मी करू?" पदवी घेतली असली तरी मी सुताराचाच पोरगा, चार बाजू आणि तळ मला जमला असता. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्यांच्यासाठी काय करू नगंस."

मी केलं नाही. तुमच्यासारखा कारागीर छापील रेषांच्या कागदात जळाला आणि मी बाहेर हातात बुटांवर चढवायची प्लास्टिकची कव्हरं घेऊन उभा होतो.

तुमच्या वेअरहाऊसचा सुपरवायझर आला होता. चार शब्द बोलला: कधी उशिरा आला नाही, कधी तक्रार केली नाही. ब्रॅम्पटनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर 'मनमिळाऊ, हसतमुख' असं आलं, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्या हॉलमध्ये साठ माणसं असतील. तुम्ही सुतार होतात, हे कुणी उच्चारलंसुद्धा नाही. मीही नाही. म्हणून हे लिहितोय. आणि आणखी एका गोष्टीसाठी, जी तुमच्या तोंडावर सांगायला मला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती.

अक्काच्या लग्नात मी अकरा वर्षांचा होतो. कानपिळीला मला पुढे केलं. नवरदेवाचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट वागव म्हणून बजावायचं, हा मेहुण्याचा मान. मी भीत भीत कान धरला, तर तुम्ही हळूच म्हणालात, "जरा जोरात की. सुताराचा हात हाय का मास्तराचा?" मांडवात सगळे हसले. तिथून आपली चेष्टा सुरू झाली. आमच्याकडे दाजी आणि मेहुणा एकमेकांची चेष्टा करतात म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं समजतात.

मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा घराण्यात शाळेच्या पुढे गेलेला पहिला माणूस. आमच्या बापाला त्या कॉलेजच्या फाटकातून आत यायचं धाडस झालं नाही, तो बाहेर चहाच्या गाड्यावर थांबला. तुम्ही आत आलात. डोक्यावर फणसाच्या लाकडाचा ड्रॉइंग बोर्ड, स्वतः केलेला, चारी कोपरे गुण्याच्या काटकोनाला तंतोतंत. होस्टेलच्या पोरांसमोर तो माझ्या खाटेवर ठेवलात आणि म्हणालात, "रेघ वाकडी आली तर बोर्डाला नाव ठेवायचं न्हाय, इंजिनेर." त्या बोर्डावर मी चार वर्षं रेघा काढल्या. पदवीचा मला गर्व आहे, होता, आणि तो मी लपवत नाही. पण त्या पदवीखाली तुमची फळी होती, हे मी कॅनडात कुणाला सांगितलं नाही.

इथे आल्यावर बरीच वर्षं ऑफिसात काढून मी चाकांवरच्या खोल्या बांधायला लागलो. इंग्लंडात पूर्वी मेंढ्या व्यायच्या दिवसांत मेंढपाळ रानात राहायचा, त्याच्यासाठी ओढून न्यायची लाकडी खोली असायची. लोखंडी चाकं, वर कमानीसारखं पत्र्याचं छप्पर, आत एक बाक आणि एक छोटी शेगडी. आता तसल्या खोल्या लोक हौसेने मागच्या अंगणात ठेवतात. पाहुण्यांसाठी, लिहायला-वाचायला, नाहीतर घरातल्यांपासून लांब बसायला. मी तुम्हाला व्हिडिओवर एक दाखवली तेव्हा तुम्ही अक्काला हाक मारून बोलावलंत. "अगं, बघ बघ. आपल्याकडं धनगर घोंगडं पांघरून वड्याला झोपतोय, आन् हितं मेंढरं राखायला चाकाचा बंगला!"

तुम्हाला बोलावून घेताना वर्क परमिटच्या कागदावर मी दोन पानं लिहिली होती. हा माणूस लाकडाचा वास घेऊन त्याचं वय सांगतो, खिळ्याशिवाय सांधा बसवतो, अशा हाताचा कारागीर मला या देशात मिळत नाही. शब्द न् शब्द खरा होता. पण तुमचं कौतुक मी आयुष्यात एकदाच लिहिलं, आणि तेही सरकारला.

पहिल्या वर्षी तुम्ही मला वेड लावलंत. चौकटीचा खांब उभा करताना तुम्ही प्रत्येक तुकडा उन्हात धरून बघायचात. झाडाचा बुंधा कुठल्या अंगाला होता आणि शेंडा कुठल्या, ते गाठींवरून ओळखायचं, आणि बुंध्याकडची बाजू खाली. मशीनवर चारी बाजूंनी कापून आलेलं लाकूड, त्याला कसलं आलंय वर-खाली?

"दाजी, हे कॅनडाचं लाकूड आहे. त्याला काही कळत नाही."

"तुला कळतंय ना? मग झालं. झाड उलटं उभं करायचं न्हाय. आपल्याला कुणी डोक्यावर उभं केलं तर?"

किड्याने मारलेली ॲशची झाडं नगरपालिका रस्त्याकडेला तोडून टाकायची. ते ओंडके बघून तुमचा जीव कासावीस व्हायचा. "कीड सालीखाली हाय, आत लाकूड सोन्यासारखं," म्हणत तुम्ही ट्रक थांबवायला लावायचात. आपल्या खोल्यांच्या आतल्या चौकटी आणि बाक त्याच मेलेल्या ॲशचे झाले. हिरवं झाड तोडायचं नाही, मेलेलं वाया घालवायचं नाही. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला मोठमोठे इंग्रजी शब्द वापरायचो. तुम्ही एवढंच म्हणायचात की फुकट गेलेलं लाकूड बघवत नाही. माझ्या शब्दांपेक्षा तुमचं वाक्य खरं होतं. हेही सांगायचं राहिलं.

आता पाचव्या खोलीचं.

मार्गारेट, निवृत्त शिक्षिका, मिल्टनच्या पुढे शेतावर एकटी राहणारी. तिच्याच जमिनीवर वाऱ्याने पडलेली सीडरची झाडं होती, त्यांचीच खोली हवी, आणि हिवाळ्यात शेगडी पेटवून तिला तिथे बसायचं होतं. आधीच्या चार खोल्यांना आपण भट्टीत वाळवलेल्या अरुंद फळ्या विकत आणल्या होत्या, आणि हिवाळ्यात त्यांत कुणी बसत नव्हतं. ही पहिलीच, हवेवर वाळवलेल्या रुंद फळ्यांची. एका फळीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच, एकीत एक बसवत भिंत उभी करायची. जुलै महिना. अंगाला कपडे चिकटत होते.

तुम्ही दर दोन फळ्यांच्या मधे रुपयाचं नाणं धरून फट ठेवत होतात. गावाकडून येताना खिशात राहिलेलं नाणं. तुमच्या वडिलांनी शिकवलेलं, माझ्या बापानेही तसंच केलेलं. आपल्याकडे सुतारकाम उन्हाळ्यात, कोरड्या हवेत. मग चार महिने गगनबावड्याचा पाऊस कोसळतो, लाकूड फुगतं, आणि फट ठेवली नसेल तर फळ्या एकमेकींना रेटून भिंत फोडतात. शंभर वर्षांचं शहाणपण होतं ते. पण इथे उलटं. इथे जुलैत हवा ओली आणि जानेवारीत, शेगडीपाशी, हाडासारखी कोरडी. तुमच्या हातातलं लाकूड आधीच फुगलेलं होतं. त्याला फुगायला नव्हे, आकसायला जागा लागणार होती.

माझ्या हातात लाकडातला ओलावा मोजायचा मीटर होता. त्याच्या दोन सुया मी फळीत टोचल्या. अठरा. शेगडीच्या खोलीला दहा टक्क्यांच्या खाली पाहिजे. मला एका क्षणात सगळं दिसलं. यासाठीच तर शिकलो होतो.

मी म्हणालो, "दाजी, फट नको. घट्ट बसवा. खरं तर अजून थांबायलाच हवं."

रविवार होता. अक्का डबा घेऊन आली होती, मंडळातले दोघे जण खोली बघायला आले होते. तुम्ही वर न बघता म्हणालात, "इंजिनेरसाहेब, पावसात लाकूड फुगतंय, हे कॉलेजात शिकवाय सर मिळाला न्हाय व्हय? का त्या दिवशी तुमी कँटीनला?"

सगळे हसले. अक्का तर पदर तोंडाला लावून हसली. ती चेष्टाच होती, दाजी. कानपिळीपासूनची तीच चेष्टा. रोज दहा वेळा व्हायची आणि मी रोज दहा वेळा उलट द्यायचो. त्या दिवशी मला ती लागली. पदवीला लागली. सगळ्यांसमोर.

तुम्ही पुढे विचारलंतही, "काय दाखवतंय तुझं यंत्र?"

मी मीटर खिशात घातला आणि म्हणालो, "काही नाही. चालू द्या तुमचं."

मनात काय म्हणालो ते आज लिहितो. मनात म्हणालो, येऊ दे जानेवारी.

तुम्ही आठवडाभर त्या भिंती बसवल्यात, गाणं गुणगुणत. मी रोज शेजारी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. ते मी आठ दिवस दाबून ठेवलं, कारण मला बरोबर असण्यापेक्षा तुम्ही चुकलेले बघायचं होतं.

जानेवारी आली. मार्गारेटचा फोन आला की भिंतीतून वारा येतोय, मेणबत्ती टिकत नाही. आपण दोघे गेलो. तिने ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून ठेवला होता, चहाही केला होता. तुम्ही आत गेलात, डोक्यावरची लोकरी टोपी काढलीत, आणि जिथे जीभ खाचेतून बाहेर आली होती तिथे एकेका फटीवरून बोट फिरवत गेलात. चारी भिंती. एक फट सोडली नाहीत. मग एवढंच म्हणालात, "हितं हवाच उलटी हाय."

एवढ्यात कळलं तुम्हाला. पुस्तक नाही, मीटर नाही. मी सांगितलं असतं तर जुलैतही एवढ्यातच कळलं असतं.

परत येताना ४०१ हायवेवर ट्रकमध्ये तुम्ही टोपी मांडीवर घेऊन बसला होतात. मग विचारलंत, "दिल्या, तवा तुझं ते यंत्र काय म्हणत हुतं रं?"

तुम्ही आरोप करत नव्हतात. तुम्हाला शिकायचं होतं. तेवढ्यासाठीच विचारत होतात.

मी म्हणालो, "बघितलं नव्हतं नीट."

आणि घरी येऊन मार्गारेटला ईमेल लिहिली. आमचा कार्पेंटर कॅनडाच्या हवामानाला नवीन आहे, त्याच्याकडून अंदाज चुकला, आम्ही दुरुस्त करून देऊ. छान इंग्रजी होतं. चूक नव्हती एक.

ती बाई भली. भल्या माणसांचा हाच त्रास. तुम्ही दुरुस्तीला गेलात तेव्हा ती तुमचा हात हातात घेऊन म्हणाली की मला दिलीपने लिहिलंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नव्या देशात कार्पेंटरला वेळ लागतोच. एवढं इंग्रजी तुम्हाला समजत होतं. त्या संध्याकाळी शेडमध्ये हत्यारं पुसताना तुम्ही विचारलंत,

"कार्पेंटर म्हंजे सुतारच न्हवं?"

"हो."

"आन् दाजीला विंग्रजीत काय म्हंत्यात?"

"ब्रदर-इन-लॉ."

"लांबडं हाय," तुम्ही म्हणालात. "चिठ्ठीत बसलं नसंल."

तुम्ही अकरा दिवस एकटेच जात राहिलात. माझा ट्रक घेऊन, विंटर टायरवरही घाबरत घाबरत. सगळ्या भिंती उतरवल्यात, फळ्या शेगडीपाशी सुकवल्यात, जिभा नव्याने काढल्यात आणि पुन्हा बसवल्यात. बुंधा खाली, शेंडा वर, तेवढं मात्र सोडलं नाहीत. बारा जणांनी लाथा मारल्या तरी आता ती भिंत हलणार नाही.

मग तुम्ही सोडून गेलात. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, येऊन दोन महिने झाले होते, माझ्या कागदाची गरज उरली नव्हती. भांडला नाहीत. "वेअरहाऊसचं काम बरं, उभ्या उभ्या डोकं चालवाय लागत न्हाय," म्हणालात. पटाशी, रंधा, गुण्या, सगळं गोणपाटात गुंडाळून बेसमेंटमध्ये पायऱ्यांखाली ठेवलंत. तुमच्या हातांनी मग खोकी उचलली. दोन हिवाळे.

आणि माझं नाव बदललंत. त्या दिवसापासून 'दिल्या' नाही, 'इंजिनेर' नाही. "या दिलीपराव. बसा दिलीपराव. चहा घेनार?" दर रविवारी मी यायचो, तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचात, हवापाणी विचारायचात, मिल्टनला किती बर्फ पडला ते विचारायचात. एवढ्या आदराने माझा कुणी इतका अपमान केलेला नाही. मी मुद्दाम चेष्टा काढायचो, "काय दाजी, वजन वाढलंय!" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "व्हय, वाढलंय जरा."

याचा मला राग आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावणार. तुम्ही माझी कॉलर धरायला हवी होती. चार शिव्या द्यायला हव्या होत्या, तुम्हाला येत होत्या, उत्तम येत होत्या. तुम्हाला संशय होता का? होता तर पुन्हा एकदा का नाही विचारलंत? गर्व माझ्या एकट्याचा नव्हता, दाजी. माझा सर्टिफिकेटवर छापलेला होता म्हणून दिसायचा, तुमचा त्या गोणपाटात गुंडाळलेला होता. दोघांनी मिळून एक चांगला हात वाया घालवला. आणि मग तुम्ही एका चहाच्या सुट्टीत, खोक्यांवर बसल्या बसल्या, छातीला हात लावून निघून गेलात. मला भांडण न देता.

तेरावं झालं. मंडळातले लोक जेवून गेले. दुपारचे तीन वाजले असतील, उन्हाने बाहेरचा बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. अक्का भांडी घासत होती. मी टॉवेल घेऊन पुसायला उभा राहिलो. ईमेलचं तिला माहीत होतं, तुम्हीच सांगितलं होतंत. त्यासाठी तिने मला पेटी करू दिली नव्हती. मीटरचं तिला माहीत नव्हतं. तुमच्या हातून चूक झाली होती, असंच ती समजत होती. तुम्हीसुद्धा तेच समजून गेलात.

मी सांगितलं. अठरा आकडा होता, मी वाचला होता. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितला नाही. ट्रकमध्ये पुन्हा विचारलं तेव्हा खोटं बोललो.

तिने नळ बंद केला.

"का रं?"

"तू हसलीस," मी म्हणालो. आणि दाजी, ते तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी इतक्या वर्षांचा घोडा होऊन अजून दुसऱ्याच्याच माथी मारतोय. "नाही. तू हसलीस म्हणून नाही. मला त्यांना खाली बघताना बघायचं होतं."

"शेवटपातुर म्हणत हुते," ती म्हणाली, "म्हणत हुते, माझ्या बापानं शिकवलेलं हितं चाललं न्हाय. झोपंत बडबडायचे. मी म्हणायची, अवो, एक भिंत चुकली, आता किती दिवस उगाळणार." तिचा आवाज चढला नाही. "सांगाय किती येळ लागला असता तुला?"

"एक मिनिट."

"एक मिनिट," ती म्हणाली.

मी पुसलेली ताटं रचत राहिलो.  मग म्हणालो की मी हे लिहून काढणार आहे, मंडळाच्या अंकात देणार आहे, मार्गारेटलाही इंग्रजीत कळवणार आहे. तिथे नुसतं कार्पेंटर नाही, ब्रदर-इन-लॉ लिहीन, कितीही लांबडं झालं तरी.

"लिही," ती म्हणाली. "नाव घालून लिही. तुझंबी आन् त्यांचंबी."

तर लिहितो. पाचव्या खोलीची चूक बळवंत सुतार यांची नव्हती. ती दिलीपची होती, जो शिकलेला होता.

निघताना मी दारात बूट चढवत होतो. अक्काने माझा डबा हातात दिला, घासून पुसून, रिकामा. तीस वर्षांत तिने मला रिकामा डबा कधी दिलेला नाही. मग दाराची कडी धरून, मोठ्या बहिणीच्या नाही, शेजारणीच्या आवाजात म्हणाली, "दिलीप, हितनं पुढं येताना फोन करून येत जा."

या रविवारी मी केला, दाजी. दुसऱ्या रिंगला उचलला तिने.

"अक्का, येऊ का?"

"आज नको," ती म्हणाली.